चढावरची बाई

३ मार्च, सोमवार

मालकांनी आज एक भला मोठा खोका माझ्या टेबलावर आदळला. "बाई, हे तुमचं शेवटचं काम. जरा मन लावून करा." म्हणजे तेवीस वर्षं काय झोपा काढल्या मी?

खोक्यात म्हाताऱ्या फोटोवाल्याच्या निगेटिव्ह. गेल्या वर्षी वारला. जन्मभर रस्त्यांवरून हिंडला, येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोटो काढत. न विचारता, न सांगता. आमच्याच लॅबचं गिऱ्हाईक, पण माझ्याशी कधी चार शब्द बोलला नाही. आता त्याची भाची प्रदर्शन भरवतेय. साठ फोटो, एप्रिलच्या सुरुवातीला.

काम नेहमीचंच. निगेटिव्ह पुसून मी द्यायची, प्रिंट वटवाघळाने काढायची. (वटवाघूळ म्हणजे आमचा डार्करूमवाला. तीस वर्षं अंधारात काढली, आता उजेडात आला की ठेचकाळतो.) कितीही पुसलं तरी धूळ राहतेच. तिचे प्रिंटवर पांढरे ठिपके उमटतात. ते भिंगाखाली धरून, बारीक ब्रशने, एकेक करून भरायचे. आजूबाजूला जो करडा, तोच करडा. काम चांगलं झालं तर झालंय हे कुणाला कळतही नाही. संसारासारखंच!

एप्रिलअखेर सुटका. सत्तावीसची तिकिटं काढलीत. लेकीकडे, कायमचं, दोघांनी. तिथे सगळं सपाट आहे म्हणे. इथे लॅबच्या चढाने गुडघे पार कामातून गेलेत. डाव्या हाताने कठडा धरायचा, दहा पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा दहा पावलं.

४ मार्च

ह्यांना विचारलं, लेकीकडे न्यायचं तुमचं काय काय आहे? "असेल काहीतरी."

पस्तीस वर्षं हे एकच उत्तर. दूध नासलंय का? असेल. पाहुणे आज येणार होते ना? असेल. उद्या विचारलं, आपलं लग्न झालंय का, तरी म्हणतील — असेल! म्हणून इथे मी त्यांना असेलरावच लिहिते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांना वरखाली नेलं, स्वतः कधी जागचे हलले नाहीत. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी खिशात तारेचं भेंडोळं आहेच.

लेक म्हणते, "आई, इथे आल्यावर तरी बाबांशी भांडू नकोस." भांडायला दोघं लागतात गं बाई.

५ मार्च

खोक्याच्या तळाशी एक पिवळं पडलेलं पाकीट. वर पेन्सिलने फक्त वर्ष लिहिलेलं — मी लॅबमध्ये लागले ते. आत एकच सुटी निगेटिव्ह, कडा कातरलेल्या. चरे पडू नयेत म्हणून म्हाताऱ्याने दोन्ही बाजूंनी वार्निश फासून ठेवलेलं. एरवी निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजू खाली, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. इथे दोन्हीकडून सारखीच चमक! कडेचे आकडे तर कातरूनच टाकलेले.

वटवाघूळ म्हणालं, "कुठली खाली घालू?" फोटोत पाटी नाही, अक्षर नाही. नुसता चढाचा रस्ता आणि दोन माणसं. क्षणभर उजेडावर धरली आणि म्हटलं, "ही." अजून एकोणसाठ पडल्यात, एकीवर किती वेळ घालवायचा!

७ मार्च, शुक्रवार

लिहायला बसलेय.

ती पाकिटातल्या निगेटिव्हची प्रिंट आज आली. मी फोटो बघत नाही, ठिपके बघते. मी डावखुरी, म्हणून वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करते, नाहीतर हात ओल्यावर फिरतो. आभाळ झालं. कठडा झाला. पाठमोऱ्या बाईचा डोक्याला बांधलेला रुमाल झाला, चौकडीचा कोट झाला. दुपारी खाली तिच्या पायाशी आले. तिथे एक लांबट पांढरी रेघ. धूळच असणार, म्हणून ब्रश टेकवला — टेकवला नाही, टेकवणार होते. रेघेला पीळ होता. तार! कोणीतरी तिच्यासमोर बसून तुटलेल्या सँडलचा पट्टा तारेने बांधत होतं. एक गुडघा जमिनीवर. गुडघ्याखाली चार घड्या घातलेला रुमाल.

पँट मळू नये म्हणून गुडघ्याखाली रुमाल घालणारा आणि खिशात तार बाळगणारा माणूस मला एकच माहीत आहे.

भिंग वर सरकवलं. तोच चेहरा. हेच!

८ मार्च

कामावर गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. असेलराव म्हणाले, "ऊन लागलं असेल."

१० मार्च, सोमवार

आज फोटो पहिल्यांदा उभा करून सगळा बघितला. वटवाघूळ आत होतं, मालक बाहेर. एकटीच होते म्हणून बरं.

चढाचा रस्ता. उजव्या हाताला लोखंडी कठडा. कुठला रस्ता, मला ओळखता येत नाही. बाई चढाकडे तोंड करून उभी, एक पाय सँडलमधून अर्धा बाहेर. तोल जाऊ नये म्हणून तिने एक हात ह्यांच्या डोक्यावर टेकवलाय. डोक्यावर! त्या डोक्याला कोणी हात लावलेला ह्यांना खपत नाही, न्हावीसुद्धा जपून कापतो. आणि हे तार पिळता पिळता वर, तिच्या तोंडाकडे बघतायत.

चेहरा ह्यांचाच, पण मी जन्मात न पाहिलेला. नाक तेच, भुवया त्याच, तरी सगळं काहीतरी भलतंच. डोळे असे की... लिहवत नाही. पस्तीस वर्षांत एकदा तरी माझ्याकडे असं बघायचं होतंत हो!

बाई कोण? तोंड दिसत नाही. शिडशिडीत आहे. कोट पायघोळ, चांगल्या घरातला. माझ्याकडे त्या काळी कोटच नव्हता. घड्याळ डाव्या मनगटावर, चारचौघींसारखं. (मी उजव्या हातात घालते, डावा ब्रशला मोकळा लागतो.)

आणि ते वर्ष! त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. आठ महिने मी तिच्या उशाशी, तिकडे, दुसऱ्या गावात. ती गेल्यावरच परत आले आणि लॅबला लागले. मी तिकडे आईच्या चादरी धूत होते आणि इकडे हे भर रस्त्यात गुडघा टेकून!

ब्रश हातात होता. एक काळा थेंब पुरला असता ह्यांच्या तोंडावर. नाही टाकला. जे आहे त्यात भर घालायची नाही, एवढी एक सवय अंगात मुरलीय.

१४ मार्च

भाचीबाई आल्या. फोटो बघून डोळ्यांना पदर... पदर कुठला, बाहीच लावली. "हाच पोस्टरवर! ह्याला नाव देऊ या — आधार."

आधार! छान.

वटवाघूळ मान तिरकी करून म्हणालं, "नवराबायको नाहीत ही. नवराबायको रस्त्यात असं कशाला करतील? तो म्हणेल, घरी जाऊन बघू." लग्न न केलेला माणूस, पण नेमकं बोलला.

२१ मार्च

पुस्तिकेचा मजकूर लिहायला समीक्षक आले. चष्मा कपाळावर, हात पाठीमागे. फोटोसमोर दहा मिनिटं उभे. मग म्हणाले, पुरुष खाली, स्त्री वर, आणि तिची नजर त्याच्यावर नाहीच, दूर कुठेतरी. हा सत्तेचा फोटो आहे. भाचीबाई म्हणाल्या, मला तर प्रेमाचा वाटतो. मालक म्हणाले, दोन्ही असू शकतं. त्यांना काय, दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळायची.

मला कोणी विचारलं नाही. मी तिथेच होते, हातात ब्रश. त्या दोघांपैकी एकाशी मी पस्तीस वर्षं संसार केलाय, हे सांगितलं असतं तर मजकूर किती लांबला असता!

२६ मार्च

लेकीसाठी घेतलेलं सामान बांधायला काढलं होतं. तसंच परत कपाटात ठेवलं.

३० मार्च, रविवार

आज विचारलं. असेलराव नळाचा वायसर बदलत होते. पाठ माझ्याकडे. म्हटलं बरंच आहे, तोंड नको बघायला.

"आई आजारी होती त्या वर्षी, मी नव्हते तेव्हा, भर रस्त्यात बसून कोणाच्या सँडलचा पट्टा बांधलात?"

पाना थांबला. म्हणाले, "बांधला असेल."

"कोणाचा?"

"तुझाच असेल."

माझा! बघा कसं पटकन सुचलं! एरवी साधी तारीख आठवत नाही. "मी इथे नव्हतेच आठ महिने!"

"मग नसेल," म्हणाले, आणि पाना पुन्हा फिरवायला लागले. नळ मात्र गळायचा थांबला.

"कुठे बघितलंस?" असं नंतर जेवताना विचारलं. म्हटलं, "फोटो आहे. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये लागेल तेव्हा बघा जाऊन." त्यांनी मीठ मागितलं.

खरं म्हणजे मला काय हवं होतं? कबूल केलं असतं तर रडले असते, ओरडले असते, आणि संपलं असतं. तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पण माणूस असा उभ्या उभ्या खोटं बोलतो, तेही माझ्याच नावावर खपवतो, ह्याचं जास्त लागलं.

५ एप्रिल, शनिवार

प्रदर्शन उघडलं. हॉल लॅबपासून दहा मिनिटांवर. मालकांनी सगळ्यांना नेलं. दारासमोरच्या भिंतीवर हा फोटो, माणसाएवढा. खाली पाटी: आधार.

लोक येतात, बाकीचे एकोणसाठ ओलांडतात आणि इथे येऊन थांबतात. मी खांबाशी उभी राहून ऐकलं.

एक तरुण जोडी. तो म्हणाला, "मागणी घालतोय." ती म्हणाली, "छे, माफी मागतोय. बघ ना, ती वळूनसुद्धा बघत नाही."

एक गृहस्थ, सुटाबुटातले: "दुकानातला नोकर असेल हो. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायचे पूर्वी."

शाळेतली मुलगी, आईला: "ह्यांची बस चुकणार." हीच एक शहाणी.

रस्त्यावरून वाद. एक म्हणे जुन्या गोदीकडचा, दुसरा म्हणे इस्पितळामागचा, आता पाडला तो. दोघांनीही शपथेवर सांगितलं.

म्हातारा फोटोवाला सगळ्यांना फसवून गेला. कागदावर दोन माणसं ठेवली आणि आपण निघून गेला. आता जो तो आपापल्या घरातलं आणून त्यात कोंबतोय. मीसुद्धा तेच करतेय का? नाही! मला माहीत आहे. मला रुमाल माहीत आहे, तार माहीत आहे, वर्ष माहीत आहे. ह्या हॉलमध्ये खरं माहीत असलेली मी एकटीच.

६ एप्रिल

पेपरात फोटो आलाय. ते पान मी असेलराव उठायच्या आत काढून घेतलं. त्यांनी पेपर उलटसुलट केला. "एक पान कमी आहे?" म्हटलं, "असेल!"

दिवसभर जरा बरं वाटलं.

९ एप्रिल

हॉलच्या दाराशी अभिप्रायांची वही ठेवलीय. दुपारच्या सुट्टीत जाऊन वाचते. वाईट सवय लागलीय, खरूज खाजवल्यासारखी.

"असा नवरा प्रत्येकीला मिळो." — सही, आणि शेजारी बदामाचं चित्र.

"माझे वडील आईसाठी असंच करत. आज दोघंही नाहीत. आभारी आहे."

"स्त्री अजूनही पुरुषाच्या आधाराशिवाय उभी राहू शकत नाही, असं ह्या फोटोला म्हणायचं आहे का?" — दोन पानं. अक्षर चांगलं आहे.

"बाई, एकदा खाली बघा." एवढंच. नाव नाही. ठसठशीत अक्षरात.

हे शेवटचं वाचून मीच मनात म्हटलं — बघ ना गं सटवे! एवढा माणूस वर बघतोय तुझ्याकडे. मला मिळालं असतं ते, तर मी सोडलं असतं होय? तुला फुकट मिळालं आणि तुझं लक्ष भलतीकडेच!

मग लाज वाटली. कोणाच्या बाजूने बोलतेय मी?

१५ एप्रिल

लेकीला सांगितलं, मी येत नाही. बाबा येतील.

ती म्हणाली, "काय झालं?" काही नाही झालं. "बाबांनी काही केलं?" काही नाही केलं. बाबा कधी काही करतात का? "आई, मी खोलीला रंग दिलाय. तुझ्यासाठी खिडकीत टेबल लावलंय. ह्या वयात हे काय!"

ह्या वयात म्हणजे काय? ह्या वयात दुखत नाही की काय? तिला फोटोचं सांगितलं नाही. बापाचं माप तिच्या नजरेत आहे तेवढं असू दे.

ह्यांना आत जाऊन सांगितलं. खुर्चीत बसून घड्याळाला किल्ली देत होते.

"नक्की येत नाहीस?"

"नक्की."

"बरं," म्हणाले. किल्ली द्यायची राहिली होती ती पुरी दिली. एकदा विचारायचं होतं हो, का म्हणून! एकदा हात धरायचा होता. रस्त्यातल्या बाईचा पाय धरता येतो!

१८ एप्रिल

मालकांना सांगितलं, राहते. खूश झाले. कोण करतंय हे काम आता. वटवाघळानेही अंधारातून ओरडून "बरं झालं!" म्हटलं.

संध्याकाळी टेबल पुसताना मुलाखतीचा दिवस आठवला. काय होतं तेव्हा माझ्याकडे? अंगावरचंसुद्धा नणंदेचं. हात थरथरतो का हे बघायला मालकांनी कोरा ब्रश हातात दिला होता आणि म्हणाले होते, ह्या कागदाच्या मधोमध एक ठिपका ठेवा. सबंध वाटभर मी तेवढंच घोकत आले होते — हात थरथरायला नको, हात थरथरायला नको. त्या दिवसातलं दुसरं काहीसुद्धा आठवत नाही. ठिपका मात्र बरोबर मधोमध पडला.

तेवढं एक ह्या हाताने बरोबर केलं.

२१ एप्रिल

वटवाघूळ अचानक म्हणालं, "तो फोटोतला माणूस बघितल्यासारखा वाटतो कुठेतरी." दोन-चारदा असेलराव छत्री घेऊन आले होते लॅबवर, तेव्हा पाहिला असेल. म्हटलं, "सगळे पुरुष गुडघे टेकल्यावर सारखेच दिसतात." खो खो हसला. मीही हसले. मग बाहेर जाऊन कठड्याला टेकून उभी राहिले जरा वेळ.

२४ एप्रिल

दोघं एका घरात आहोत आणि वस्तू वाटल्या जातायत. वाटायला आहे काय? त्यांनी एक बॅग भरली. सहा शर्ट, पाने, पक्कड, दाढीचं सामान. आमच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला, पुसला, आणि परत होता तिथे लावला. मी आतून बघत होते. त्यांना वाटलं मी झोपलेय.

न्यायचा होता तर न्यायचा. नाहीतर हात लावायचा नाही.

२७ एप्रिल, रविवार

गेले.

सकाळी उठून त्यांचे रुमाल इस्त्री केले. बारा. चार घड्या. का केले, माहीत नाही, हात आपोआप चालला. बॅगेत वरच ठेवले.

दाराशी बूट घालताना म्हणाले, "गाडीला दोन तास आहेत."

म्हटलं, "मग हॉलवर जाऊन या. आज उघडा आहे. बघा एकदा स्वतःची कर्तबगारी, भिंतीएवढी लावलीय. सगळं गाव बघून गेलं, तुम्हीच तेवढे राहिलात."

माझ्याकडे बघत राहिले. "घड्याळाची किल्ली वरच्या खणात आहे," म्हणाले. "गॅसची नळी पुढच्या महिन्यात बदलायची. मी लिहून ठेवलंय."

पाऊल बाहेर टाकलं आणि परत वळले. "जातो."

"या" म्हणायचं असतं. मी नाही म्हटलं. दार लावून घेतलं आणि दाराच्या ह्या बाजूला उभी राहिले. जिन्यावरची पावलं ऐकू आली. दुसऱ्या मजल्यावर थांबली. मी कडीला हात लावला. मग पुन्हा चालू झाली, खाली, खाली, आणि बंद.

रडले नाही. खूप वेळ तशीच उभी होते, मग गुडघे दुखायला लागले म्हणून बसले.

२९ एप्रिल

लेकीचा निरोप: बाबा पोचले. आई, तू फोन तरी कर.

नाही केला. हॉलवर गेले का, फोटो बघितला का, बघून काय म्हणाले — तिला कसं विचारणार? आणि मला काय त्याचं!

घरात नळ गळत नाही, दार करकरत नाही, घड्याळं सगळी एकच वेळ दाखवतात. इतकं नीटनेटकं करून गेलाय माणूस की भांडायलासुद्धा काही ठेवलं नाही.

२ मे, शुक्रवार

प्रदर्शन उतरलं. फोटो आणि अभिप्रायांची वही लॅबवर परत आली. वही चाळली. सत्तावीस तारखेच्या पानावर ह्यांचं अक्षर. लिफ्टच्या तक्रारवहीत लिहायचे तसं, सरळ, खाली रेघ मारून:

"फोटो उलटा छापला आहे. बाई डावखुरी आहे. दुरुस्त करावा."

निगेटिव्हची कुठली बाजू खाली, ते मीच सांगितलं होतं. पर्समधला आरसा काढून फोटोपुढे धरला. कठडा डाव्या हाताला आला. आमच्या लॅबचा चढ! रोज चढते तो. घड्याळ उजव्या मनगटावर. कोट नणंदेचा. आईला शेजारणीवर सोपवून मुलाखतीला एका दिवसापुरती आलेली मी. वर लॅबच्या दाराकडे बघतेय. आणि हे माझ्याकडे.

मी खाली बघितलंच नव्हतं.

लेकीला फोन लावला. म्हटलं, बाबांना दे. पलीकडे कुजबुज झाली. मग तीच म्हणाली, "आई, बाबा विचारतायत, काय काम आहे?"